टॉर्चचा उजेड वाढवायचाय? आधी आतली गळती थांबवा

आमच्याकडं टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि टॉर्चच्या आतल्या बॅटरीला सेल. त्यामुळं मामांचा फोन आला आणि ते म्हणाले, “बॅटरी बसली रे,” की नेमकं काय बसलं हे विचारून घ्यावं लागतं. मामांचा कागलच्या बाजूला ऊस आहे. शेतीपंपाला रात्रीच्या पाळीची वीज असली की मध्यरात्री उठून पाणी पाजायला जायचं, आणि सरीत पाय टाकायच्या आधी तिथं घोणस पसरलीय की नुसतं पाचट पडलंय हे बघायचं. त्यासाठी त्यांनी बाजारातनं तीनशे रुपयांची झूमवाली टॉर्च आणली. खोक्यावर छापलं होतं एक लाख ल्युमेन, ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप. महिन्याभरात तिचा काजवा झाला. “तू उद्यमनगरात असतोस, तुला जमंल की,” म्हणून ती माझ्या हातात आली.

उद्यमनगर म्हणजे कोल्हापुरातली वर्कशॉपची वस्ती. तिथं मी एका वर्कशॉपमध्ये बिलं करतो, लेथ चालवत नाही. पण मामांना कसं सांगणार? त्या टॉर्चपासून आजवर आठ-नऊ टॉर्च उघडल्या, त्यातल्या दोन जाळल्या. कोल्हापुरात ‘जाळ अन् धूर संगटच’ म्हणतात, पण ते रश्श्याच्या बाबतीत. एलईडीनं धूर काढला की ती गेली. ज्यांनी अजून एकही टॉर्च उघडलेली नाही त्यांच्यासाठी हे लिहितोय. नवशिक्या माणसाला वाटतं की जास्त करंट सोडला की जास्त उजेड. हिशोब तसा नाही. बहुतेक स्वस्त टॉर्चमध्ये सेल ते एलईडी या वाटेवरच बराच दम गळून जातो, आणि जो पोचतो त्यातला मोठा वाटा उष्णता होऊन एलईडीलाच भाजत बसतो. म्हणून आधी गळती, मग उष्णता आणि शेवटी करंट, या क्रमानं हात घालायचा.

ते एक लाख ल्युमेनचं आधी निस्तरू. १८६५० सेल म्हणजे १८ मिमी व्यासाचा आणि ६५ मिमी लांबीचा लिथियम-आयन सेल. चांगल्यातला चांगला सेल साधारण ३५०० एमएएचचा (मिलिअँपिअर-तास, सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप), म्हणजे जेमतेम साडेबारा वॉट-तास. एका वॉटमधून १०० ल्युमेन निघतात असं धरलं, तर नुसत्या दहा हजार ल्युमेनला १०० वॉट लागतील. सेलमधून सत्तावीस-अठ्ठावीस अँपिअर ओढावे लागतील आणि सात-आठ मिनिटांत सगळं संपेल. लाखाचं तर बोलायलाच नको. एका सेलच्या टॉर्चमधून पाचशे ते हजार खरे ल्युमेन मिळाले तरी शेताच्या या बांधावरून त्या बांधावरचं दिसतं.

कुठली टॉर्च उघडायची, कुठली नाही

अॅल्युमिनियमची बॉडी, एकच १८६५० सेल आणि आट्यांवर फिरवून निघणारं डोकं असलेली टॉर्च घ्या. झूमची असली तरी चालेल, रिफ्लेक्टरची, म्हणजे एलईडीभोवती चकचकीत वाटी असलेली असेल तर उत्तम. प्लॅस्टिक बॉडीची सोडून द्या. प्लॅस्टिकमधून उष्णता बाहेर जात नाही, त्यामुळं तिथं उजेड वाढवायला वावच नसतो.

घराघरात असते ती दुसरी जात, म्हणजे मागं दोन पिनांचा प्लग असलेली, थेट भिंतीच्या सॉकेटला लावायची चार्जिंगची टॉर्च. तिला हात लावू नका. त्यातल्या बऱ्याच टॉर्चमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो. एका कपॅसिटरमधून २३० व्होल्टची लाइन आतल्या चार व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीपर्यंत आणलेली असते. म्हणजे ती सॉकेटमध्ये असताना आतल्या कुठल्याही तारेला बोट लागलं तर ते थेट मेनला लागल्यासारखं आहे. प्लगमधून काढल्यावरही कपॅसिटर काही वेळ चार्ज धरून ठेवू शकतो. शिकायला ही जागा नाही.

आधी मोजा, मग उघडा

साधा मल्टीमीटर लागेल. लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घाला, टॉर्चची मागची टोपी काढा, मीटरची एक टोकणी सेलच्या तळाला आणि दुसरी नळीच्या उघड्या कडेला टेकवा. मागच्या टोपीतल्या स्विचचं काम मीटर करतो आणि टॉर्च लागते. आकडा दिसला की टोकणी लगेच काढा, स्वस्त मीटरला दहा सेकंदांच्या वर हे सोसत नाही. मीटरच्या वायरी बारीक असतात, त्यामुळं खरा करंट दिसतो त्याच्यापेक्षा थोडा जास्तच असतो.

आणि मोजून झालं की लाल वायर परत व्होल्टच्या भोकात. हे विसरून कुणी सेलचं व्होल्टेज मोजायला गेलं की मीटरमधून सेल सरळ शॉर्ट होतो. मी विसरलो होतो. मीटरचा फ्यूज गेला, सेल वाचला.

मामांच्या टॉर्चला आकडा आला ०.५५ अँपिअर. उजेडाचा हिशोब ठेवायला मोबाइलवरचं लक्स मोजायचं अॅप पुरतं. ते खरा आकडा सांगत नाही, पण आधीचं आणि नंतरचं ताडून बघता येतं. रात्री बाथरूमचा दिवा बंद करायचा, टॉर्च छताकडं तोंड करून उभी ठेवायची, मोबाइल शेजारी एका ठरलेल्या फरशीवर. चालू केल्यावर तीस सेकंदांनी आणि पाच मिनिटांनी, असे दोन आकडे वहीत लिहा. दुसरा आकडा बराच खाली आला तर एक तर सेल दमतोय, नाहीतर एलईडी आतल्या आत भाजतेय.

फुकटातला उजेड

पहिला संशय सेलवर घ्या. टॉर्चबरोबर आलेल्या सेलवर ९९०० एमएएच लिहिलेलं असतं, म्हणजे तो खोटा आहे हे कंपनीनंच लिहून दिलंय. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. चांगला १८६५० साधारण ४५ ते ४८ ग्रॅम भरतो. मामांचा सेल तीसच्या आसपास भरला. असल्या सेलचा आतला रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, जास्त असतो, त्यामुळं करंट ओढला की व्होल्टेज खाली बसतं. आतला रोध ०.०४ ओहम असलेला सेल २.८ अँपिअरला जेमतेम ०.११ व्होल्ट गमावतो. तोच रोध ०.२ ओहम असेल तर अर्ध्या व्होल्टच्या वर गळती. पांढऱ्या एलईडीला तीन-सव्वातीन व्होल्ट लागतात आणि भरलेला सेल ४.२ व्होल्टचा, म्हणजे खेळायला मुळात एकच व्होल्ट हातात असतो.

म्हणून नावाजलेल्या कंपनीचा नवा सेल घ्या. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतले सेल काढून वापरणारे आहेत, पण सुरुवातीला नको. त्यातला एखादा २.५ व्होल्टच्या खाली गेलेला दिसला तर त्याला चार्ज करून जिवंत करायच्या भानगडीत पडूच नका. घेताना लांबीही बघा. आत संरक्षण सर्किट असलेला सेल ६९ मिमीच्या आसपास जातो आणि काही टॉर्चमध्ये बसतच नाही. ज्याचं वरचं टोक सपाट आहे तो काही टॉर्चमध्ये आतल्या ठिपक्याला टेकत नाही.

सेल बदलल्यावर मामांच्या टॉर्चचा आकडा ०.५५ वरून ०.८ वर गेला. एकही स्क्रू न उघडता.

मग आटे. वीज सेलच्या तळातून स्प्रिंग, टोपी, नळीचे आटे आणि बॉडी अशी वर जाते, त्यामुळं आट्यांतला काळा चिकटा हा तिच्या वाटेतला दगड. मेडिकलमधलं आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्याला लावून नळीची दोन्ही टोकं आणि टोपीच्या आतली कडा चकचकीत करा. रबरी ओ-रिंगला वंगण लावायचं असेल तर सिलिकॉन ग्रीस, गाडीचं साधं ग्रीस नको, रबर फुगतं. काच पुसा. चरे पडलेली प्लॅस्टिकची काच असेल तर त्याच मापाची खरी काच घाला, किंमत किरकोळ आहे.

स्प्रिंगला तांब्याची तार

हे काम मला सगळ्यात आवडतं, कारण खर्च दहा रुपयांचा आणि फरक मीटरवर दिसतो. स्प्रिंग पोलादाची असते. पोलाद स्प्रिंग म्हणून झकास, वीज वाहायला मात्र सुमार. त्यातून ती तार बारीक आणि वेटोळ्यात चांगली लांब. म्हणून स्प्रिंगच्या पोटातून तांब्याची मऊ तार घालायची आणि दोन्ही टोकांना डाग द्यायचा, म्हणजे सोल्डरनं जोडायचं. दाबायचं काम स्प्रिंग करते, वाहायचं काम तांबं करतं.

तार २२ गेजची, सिलिकॉनचं वेष्टण असलेली घ्या. साध्या पीव्हीसी वायरचं वेष्टण सोल्डर करताना वितळून मागं सरतं. स्प्रिंग पूर्ण मोकळी असताना जेवढी उंच, त्यापेक्षा तार चार-पाच मिमी जास्त ठेवा. तंग ठेवलीत तर टाका निघतो. ढिली ठेवलीत तर स्प्रिंग दाबली की ती बाजूला फुगून वेटोळ्यांत अडकते. आधी तारेच्या दोन्ही टोकांना कथील पाजून घ्या, म्हणजे सोल्डरचा पातळ थर चढवा, मग स्प्रिंगच्या वरच्या वेढ्याला पॉलिश पेपर मारून जरा फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायचा लेप) लावा, गरम सोल्डर गन दोन-तीन सेकंद टेकवून डाग द्या. तिथं जास्त वेळ रेंगाळू नका. पोलाद फार तापलं की स्प्रिंगचा ताठा जातो आणि मग टॉर्च हलवली की लुकलुकते. वरचा डाग सपाट राहायला हवा, उंच टेकडी झाली तर कानशीनं घासा.

काही टॉर्चमध्ये पुढं एलईडीला करंट देणाऱ्या चकतीवर, म्हणजे ड्रायव्हरवरही स्प्रिंग असते. तिलाही हेच.

ड्रायव्हर

ड्रायव्हर म्हणजे एलईडीला किती करंट द्यायचा ते ठरवणारी छोटी गोल चकती. स्वस्त टॉर्चमध्ये त्यावर एक मोड बदलणारी चिप आणि एक रेझिस्टर (करंटला आवर घालणारा छोटा तुकडा), एवढंच असतं. तो रेझिस्टर तारेनं शॉर्ट करा की उजेड दुप्पट, असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देणारच. ऐकू नका. एलईडी बल्बसारखी नसते. ती तापली की तिला लागणारं व्होल्टेज कमी होतं, मग त्याच सेलमधून ती आणखी करंट ओढते, त्यानं आणखी तापते. मोठी एलईडी हे थोडं सोसते, झूमच्या टॉर्चमधली छोटी नाही. मी जाळलेल्या दोनपैकी पहिली याच सल्ल्यानं गेली. चाळीस सेकंद उजेड मात्र बघण्यासारखा होता.

त्यापेक्षा एएमसी ७१३५ या चिपवर बनलेला तयार ड्रायव्हर आणा, ऑनलाइन मिळतो. बहुतेक टॉर्चना १७ मिमी व्यासाचा लागतो, पण तुमचा जुना आधी मापून घ्या. ही तीन पायांची इवलीशी चिप ३५० मिलिअँपिअर देते, ना कमी ना जास्त. चार चिपांचा बोर्ड १.४ अँपिअर, सहांचा २.१, आठांचा २.८. सेल ४.२ व्होल्टवरून खाली येत गेला तरी बराच वेळ उजेड तेवढाच राहतो, आणि मामांना हवं होतं तेही हेच.

लहान डोक्याच्या किंवा झूमच्या टॉर्चला चार चिपा पुरे, हाताएवढ्या जाड डोक्याच्या टॉर्चला आठ. हाव करू नका. ही चिप जादाचं व्होल्टेज उष्णता करून टाकते, म्हणजे सेल भरलेला असताना आठ चिपांच्या बोर्डवरच दोन-अडीच वॉट तापतात. आणि तिला सहा व्होल्टच्या वर चालत नाही. दोन सेल एकापुढं एक लावायच्या टॉर्चमध्ये ८.४ व्होल्ट होतात, तिथं ती जळणार. सेल उलटा घातला तरीही.

मोडच्या बाबतीत, भकभक मिचकावणारा मोड नसलेला बोर्ड मागवा. अंधारात बांधावर उभं राहून तो मोड ओलांडण्यासाठी बटण दाबत बसण्यासारखा वैताग नाही. काही बोर्डांवर चांदणीच्या आकाराचे छोटे तारे छापलेले असतात. त्यातला एखादा कडेच्या गोल पट्टीला डाग देऊन जोडला की मोडचा संच बदलतो.

एलईडी निवडताना

ड्रायव्हरबरोबर एलईडीही बदलायची असेल तर सुटी आणू नका, चकतीवर बसवलेलीच आणा. ही चकती १६ किंवा २० मिमीची असते. ती अॅल्युमिनियमची असेल तर एलईडीच्या पोटाखाली विजेला अडवणारा पातळ थर असतो आणि तो उष्णतेलाही थोडं अडवतो. तांब्याच्या चांगल्या चकतीत मधला भाग थेट तांब्यावर डागलेला असतो. दीड अँपिअरपर्यंत अॅल्युमिनियम चालून जातं, तीनला तांबंच.

क्री कंपनीची एक्सएम-एल२ तीन अँपिअरपर्यंत चालते, तिचा उजेड मोठा आणि पसरट. एक्सपी-जी२ छोटी, कमाल दीड अँपिअरची, चार चिपांच्या ड्रायव्हरला बरोबर जोडीची. ल्युमिनसची एसएसटी-२० हीही छोटी आणि लांब मारा करणारी. टॉर्चच्या खोक्यावर ‘टी६’ असा शब्द दिसतो, ते मॉडेल नव्हे, तो उजेडाचा वर्ग आहे. एक्सएम-एलमध्ये टी६ म्हणजे ७०० मिलिअँपिअरला किमान २८० ल्युमेन. स्वस्त टॉर्चमध्ये टी६ म्हणून जे असतं ते बहुधा दिसायला सारखं, एवढंच.

रंगाबद्दल मात्र माझं ठाम मत आहे. दुकानदार निळसर पांढरी, ६५०० केल्विनची (केल्विनचा आकडा जेवढा मोठा, तेवढा उजेड निळसर) देतात, कारण तिचे ल्युमेन थोडे जास्त भरतात. पावसात आणि धुक्यात तीच एलईडी समोर पांढरी भिंत उभी करते. आषाढात पन्हाळ्यावरून पावनखिंडीच्या वाटेला गेलेल्यांनी हे बघितलं असेल. शेतात तर तपकिरी पाचट, तपकिरी माती आणि तपकिरी घोणस तिच्याखाली एकाच राखाडी रंगाची दिसतात. चार-पाच हजार केल्विनची घ्या. वहीतला आकडा थोडा कमी येईल, जमीन जास्त दिसेल.

लेथवरची चकती

एलईडीला दिलेल्या विजेपैकी साधारण एक तृतीयांशच उजेड होतो. २.८ अँपिअरला नऊ वॉट जातात, त्यातले सहा वॉट उष्णता. ती त्या पाच मिमीच्या ठिपक्यापासून बॉडीपर्यंत पोचायला अखंड धातूची वाट हवी. मामांच्या टॉर्चमध्ये एलईडीच्या चकतीखाली पत्र्याएवढी पातळ बैठक होती आणि तिच्याखाली पोकळ हवा. चार ठिपके उष्णता वाहणाऱ्या पांढऱ्या पेस्टचे, शोभेला.

इथं कोल्हापुरात असल्याचा फायदा झाला. आमच्या वर्कशॉपातल्या टर्नरला वर्नियरनं मापं घेऊन दिली, त्यानं भंगारातल्या अॅल्युमिनियम बारचा शेंडा फिरवून सात मिमी जाडीची चकती काढून दिली, पोकळीत हातानं दाबून घट्ट बसेल अशी. वायरींसाठी अडीच मिमीची दोन भोकं. “एवढ्याशा दिव्याला एवढा खटाटोप?” म्हणाला. बिलाचं विचारलं तर, “बिलं तू करतोस नव्हं? तुझं तूच कर.”

धातू कुठला हा प्रश्न सगळे विचारतात. उष्णता वाहण्यात तांबं अॅल्युमिनियमच्या साधारण दुप्पट, पितळ अॅल्युमिनियमच्या निम्म्याच्या आसपास. हुपरीची चांदी तांब्याहूनही थोडी सरस, ज्यांना परवडते त्यांनी घालावी. घरगुती कामाला अॅल्युमिनियम पुरतं. पोकळी भरली जाणं जास्त महत्त्वाचं. लेथवाला ओळखीचा नसेल तर अॅल्युमिनियमच्या पट्टीच्या चकत्या कापून एकावर एक बसवा, प्रत्येक फटीत थर्मल पेस्ट. तेवढं चांगलं होत नाही, पण पोकळीपेक्षा बरं. एक मात्र विसरू नका. भोकांच्या कडा कानस किंवा मोठ्या ड्रिलचं टोक फिरवून गोल करा. धारदार कडा वायरचं वेष्टण कापते आणि शॉर्ट होतो.

पेस्ट किती लावायची? चकतीवर काळा ठिपका असेल तर तो झाकला जाईल, इतकीच. पेस्ट दोन धातूंमधल्या बारीक खाचा भरण्यासाठी असते, पराठ्यावरच्या लोण्यासारखी थापायची नसते.

डाग देताना

एलईडीची चकती बैठकीवर बसवण्याच्या आधी तिच्या प्लस-मायनसच्या जागांवर कथील पाजून घ्या. बसवल्यावर सगळी बॉडी उष्णता ओढून घेते आणि २५ वॉटची गन हरते. शक्यतो ६० वॉटची घ्या, आणि चकती फरशीवर किंवा पक्कडीत न धरता लाकडाच्या फळीवर ठेवा. शिसं-कथलाचं ६०-४० रीळ सगळीकडं मिळतं, ते १९० अंशांच्या आत वितळतं, नवशिक्याला तेच सोपं. डाग चकचकीत दिसला की झालं. राखाडी आणि दाणेदार दिसला तर परत थोडा फ्लक्स लावून गरम करा. खिडकी उघडी ठेवा, तो धूर नाकात नको, आणि काम झाल्यावर हात साबणानं धुवा.

वायरी भोकांतून वर काढा, चकतीच्या कडेनं आणून डाग द्या. लाल प्लसला, काळी मायनसला. मग मल्टीमीटर ‘टीं’ वाजवायच्या मोडवर ठेवून एक टोकणी बैठकीला आणि दुसरी आधी लाल, मग काळ्या डागाला लावा. दोन्हीकडं शांतता हवी. वाजलं तर पुढं जाऊ नका, वेष्टण कुठंतरी कापलंय. तपासणी ड्रायव्हर बॉडीत बसवण्याच्या आधीच करा, म्हणजे गोंधळ होत नाही.

रिफ्लेक्टरनं मला फसवलं ते असं

ही झूमची नव्हे, दुसऱ्या टॉर्चची गोष्ट, माझ्या स्वतःच्या. सगळं नीट झालं होतं, उघड्यावर लावून बघितली, उजेड भिंतीवर नाचला. खूश होऊन डोकं आवळलं. शेवटच्या अर्ध्या आट्याला टॉर्च विझली आणि हाताला चटका बसला. मागची टोपी फिरवून सेल बाहेर काढेपर्यंत लाल वायरचं वेष्टण वितळलं होतं आणि करपट वास सुटला होता.

झालं होतं असं. रिफ्लेक्टर अॅल्युमिनियमचा, आणि तो बॉडीला टेकलेला. बॉडी म्हणजे सेलचा मायनस. ७१३५ च्या ड्रायव्हरमध्ये एलईडीचा प्लस हा थेट सेलचाच प्लस असतो, चिपा बसतात त्या मायनसच्या बाजूला. माझा लाल वायरचा डाग टेकडीसारखा उंच होता, रिफ्लेक्टर त्याच्यावर बसला, म्हणजे ड्रायव्हरला वळसा घालून सेल सरळ शॉर्ट. म्हणून डाग चपटे ठेवा, त्यावर उष्णता सोसणारी पिवळी पॉलिइमाइड टेप लावा आणि एलईडीभोवतीची प्लॅस्टिकची रिंग कधीच वगळू नका. ती एलईडीला मधोमधही धरते. उजेडाच्या मध्यभागी काळा ठिपका दिसला तर रिंगची जाडी चुकली आहे. पॉलिश पेपरवर थोडी थोडी घासून परत बघत जा.

झूमच्या टॉर्चला ही भीती कमी, तिथं पुढं सरकणारं भिंग असतं. तिचा तोटा वेगळा. भिंग पुढं ओढून उजेडाचा चौकोन बारीक केला की बाजूला गेलेला उजेड नळीच्या आतच मरतो. लांबचं बघायला ठीक, पण तेव्हा निम्म्याहून जास्त उजेड वाया जातोय हे माहीत असू द्या.

पहिल्यांदा लावताना

पहिली वेळ संरक्षण सर्किट असलेल्या सेलवर लावा आणि खालच्या मोडवर. तोंड भिंतीकडं. आत डोळा घालून बघायचा मोह लहान मुलांनाच होतो असं नाही. सगळं ठीक दिसलं की वरच्या मोडवर न्या आणि दोन मिनिटांनी डोक्याला हात लावा. कोमट-गरम लागलं पाहिजे. बॉडी थंडगार आहे म्हणून खूश होऊ नका, त्याचा अर्थ उष्णता एलईडीपाशीच अडकली आहे. हातात धरवत नाही इतकी तापली तर ड्रायव्हर एक पायरी खालचा हवा होता.

मग पुन्हा बाथरूम, तीच फरशी, तेच दोन आकडे. मामांच्या टॉर्चचा तीस सेकंदांचा आकडा आधीच्या जवळजवळ चौपट आला, आणि पाच मिनिटांनी फारसा उतरला नाही. चौपट ऐकून डोळ्याला चौपट दिसेल असं मात्र नाही, साधारण दुप्पट झाल्यासारखं वाटतं. मारा तर अंतराच्या वर्गानं पातळ होतो, म्हणून चौपट उजेडात अंतर दुप्पटच वाढतं.

वेळेचाही हिशोब आहे. ३००० एमएएचचा सेल १.४ अँपिअरला दोन तास, २.८ ला जेमतेम एक, आणि एकाच चिपेच्या करंटला, म्हणजे ३५० मिलिअँपिअरला, आठ तासांच्या वर. २०१९ च्या पुरात घरात दिवसचे दिवस लाइट नव्हती त्यांना हा शेवटचा आकडा कळेल. खालचा मोड नसलेली टॉर्च कितीही प्रखर असली तरी मी कुणाला करून देत नाही.

चार्जर ४.२ व्होल्टला आपोआप थांबणारा हवा. टीपी ४०५६ चिपचं छोटं मॉड्यूल वापरलं तरी चालतं, ते साधारण एक अँपिअरनं भरतं. गादीवर, उशीशेजारी चार्जिंगला लावू नका. सेलचं रंगीत वेष्टण फाटलं तर तसाच वापरू नका, कारण त्याच्या आतला सगळा डबा मायनस असतो आणि वरच्या प्लसपासून तो केसाएवढ्या अंतरावर असतो. नवं वेष्टण चढवून गरम हवा मारायच्या गननं आवळून घेता येतं. मेलेला सेल घंटागाडीत टाकू नका, टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचरा घेणाऱ्याकडं द्या.

टॉर्च द्यायला गेलो त्या रात्री मामांनी ती उसाच्या शेंड्यांवरून फिरवली, मग पार ओढ्यापलीकडच्या बाभळीवर मारली, आणि म्हणाले, “गवा आला तर त्याच्या डोळ्यावर मारू का?” दाजीपूरच्या बाजूनं उतरलेल्या गव्याच्या डोळ्यावर काहीही मारू नका, असं मी सांगितलं. उजेड जमिनीवर ठेवायचा आणि मागं सरकायचं.

आता ते मधला मोडच वापरतात. खिशात आपोआप चालू होऊ नये म्हणून मी त्यांना मागची टोपी अर्धा आटा सैल ठेवायला सांगितली होती, पण ते जमतं आट्यांवर रंगाचा थर असलेल्या टॉर्चलाच. त्यांच्या टॉर्चचे आटे उघडे आहेत, सैल केली तरी लागतेच. त्यांनी साखर कारखान्याच्या जुन्या पावतीचा एक गोल तुकडा कापून सेल आणि स्प्रिंगच्या मधे ठेवलाय. शेतात गेले की काढतात, आणि हरवू नये म्हणून टोपीच्या आत नाही, तर टोपीवर रबरबँडनं लावतात.